देवळालीचा ताप

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. माई आता नव्वदीला टेकल्या आहेत. गेल्या दोन वर्षांपासून त्यांचं असं झालंय, की दिवस कलला की त्या उठतात, कॉटखालची पत्र्याची ट्रंक ओढतात, तिच्यात दोन पातळं, जपाची माळ, एक पितळी डबी असं भरतात आणि मला विचारतात, "गाडी किती वाजता गं?" कुठली गाडी, कुठे जायचंय, हे विचारायची सोय नाही. माई माहेरी निघालेल्या असतात. माहेर देवळालीचं. नाशिकजवळची देवळाली. तिथे त्यांच्या वडिलांचं कॅम्पातल्या बाजारात किराण्याचं छोटं दुकान होतं. दुकान जाऊन साठ वर्षं झाली, भाऊ गेले, घर विकलं. पण ट्रंक रोज भरली जाते आणि रात्री मी ती रोज रिकामी करते.

एक दिवस हे सगळं चालू असतानाच लेस्टरहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. तिचा नातू, दहा वर्षांचा, आजीच्या खांद्यावरून डोकावत होता. त्याने पणजीला ट्रंक भरताना पाहिलं आणि अगदी सहज, कौतुकानेच म्हणाला, "पणजी डूलाली झाली?"

नणंद त्याच्यावर खेकसली. मला वाटलं मुलगा देवळाली म्हणतोय. आपली पणजी देवळालीची, तिला देवळालीला जायचंय, हे याला कुणी सांगितलं? मी म्हटलं, "हो रे राजा, देवळालीच! तुला कसं माहीत?" तो गोंधळला. मी गोंधळले. नणंदेचा चेहरा मात्र पडला. तिने नंतर वेगळा फोन करून सांगितलं, की वहिनी, तो चुकीचं बोलला, मनावर घेऊ नकोस. इकडे 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. शाळेत मुलं एकमेकांना म्हणतात.

फोन ठेवला, पण शब्द काही कानातून जाईना. डूलाली, देवळाली. मोठ्याने म्हणून पाहा एकदा. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पुढे तो पोळ्या लाटण्यात गेला असं सासरी सगळे थट्टेने म्हणतात. पण लाटताना डोकं मोकळं असतं ना! मी या शब्दाच्या मागे लागले. आणि जे सापडलं त्याने आधी मला धक्का बसला, मग हसू आलं, मग आणखी काहीतरी झालं. ते सांगते.

मुलगा चुकीचं काही बोललाच नव्हता. इंग्रजीतलं 'डूलाली' हे विशेषण म्हणजे आपली देवळालीच आहे. इंग्रजीच्या कोशांत स्पष्ट लिहिलेलं असतं, की हा शब्द मुंबईजवळच्या देवळाली नावाच्या लष्करी छावणीवरून आला. मूळ शब्द जोडीने होता, 'डूलाली टॅप'. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी सैनिक आणि खलाशी यांच्या तोंडच्या शब्दांचा एक संग्रह छापला, त्यात तो आहे. म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या गोऱ्या शिपायांच्या तोंडी तो चांगला रुळलेला होता. नंतर 'टॅप' गळून पडला, नुसतं डूलाली उरलं, आणि शिपायांकडून ते घराघरात गेलं.

आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द पुष्कळ आहेत, तसं शाळेतही शिकवतात. शांपू, बंगला, लूट. पण हे झाले वस्तूंचे आणि कामांचे शब्द. विशेषणं त्या मानाने कमी. 'पक्का' गेला, तो संस्कृत पक्ववरून आलेला, आणि तिकडे त्याचा अर्थ अस्सल, खानदानी असा झाला. धुळीच्या रंगाचा 'खाकी' गेला. आरामाच्या नोकरीला इंग्रज 'कुशी' म्हणतात, तो आपला खुश. पण अख्ख्या गावाचं विशेषण व्हावं, आणि तेही वेडाचं, हा मान एकट्या देवळालीला मिळाला. ठाणं, येरवडा, रत्नागिरी इथे वेड्यांची इस्पितळं. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' असं म्हणतातही. देवळालीचं काय? तिथली तर हवा चांगली म्हणून प्रसिद्ध. पारशी लोकांनी, गुजरात्यांनी, आपल्या जैन मंडळींनी तिथे विश्रांतीसाठी सॅनिटोरियमं बांधली. मुंबईत दमलेला माणूस चार दिवस देवळालीला जाऊन टवटवीत होऊन यायचा. त्या गावाचं नाव वेडेपणाला कसं चिकटलं?

त्यासाठी जहाजांचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं.

१८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या फौजेची संख्या वाढवली गेली. दर वर्षी हजारो नवे शिपाई मुंबईला उतरायचे आणि मुदत संपलेले परत जायचे. ने-आण करायला ब्रिटिश सरकारने १८६६-६७ च्या सुमाराला पाच मोठी खास जहाजं बांधून घेतली. त्यांतल्या एकाचं नाव 'जमना', एकाचं 'मलबार'. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि प्रवास बराच आखूड झाला. पण उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून माणसांनी गच्च भरलेलं जहाज नेणं म्हणजे भट्टीतून नेणं. त्यामुळे फौजेची ने-आण फक्त थंडीच्या दिवसांत, शरद ऋतूपासून मार्चपर्यंत व्हायची. या येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवायला मुंबईत जागा कुठली? म्हणून कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर, रेल्वेच्या रुळांलगत, मोकळ्या हवेत एक मोठी छावणी उभारली. १८६० च्या दशकातली गोष्ट. ती देवळाली.

येणारा शिपाई तिथे चार दिवस थांबायचा आणि मग उत्तरेला आपल्या पलटणीत जायचा. त्याचं ठीक होतं. प्रश्न होता परत जाणाऱ्याचा. त्याची पलटण पेशावरला नाहीतर मेरठला मागे राहिलेली. मित्र मागे राहिले. बंदूक जमा केलेली. कवायत नाही, पहारा नाही, कुणी विचारणारं नाही. हातात साठलेला पगार, भोवती बाजार, दारू. आणि वाट पाहायची ती जहाजाची, जे कधी येणार ते धड कुणी सांगत नाही. मोसम संपता संपता जो देवळालीत येऊन पोचला आणि शेवटच्या जहाजात ज्याचा नंबर लागला नाही, त्याला पुढचा मोसम उघडेपर्यंत तिथेच बसायचं.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई होता, वेल्सकडचा, आधी कोळशाच्या खाणीत काम केलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात होता. म्हातारपणाकडे झुकल्यावर त्याने आपल्या या दिवसांवर 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक लिहिलं, १९३६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात देवळालीची हकिकत आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं एकही गुन्हा केला नाही असे चांगल्या वर्तनाचे शिपाई देवळालीत येऊन बिघडत, दारू पीत, भांडत, आजार ओढवून घेत, काही तर घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात, असं तो सांगतो. आणि एखादा विचित्र वागू लागला की बाकीचे म्हणत, याला डूलाली टॅप झाला. हा वाक्प्रचार त्या छावणीतल्या कंटाळ्यातून निघाला असावा, असं त्याचं मत.

पुष्कळ लोक सांगतात, की तिथल्या उन्हाने गोऱ्यांची डोकी फिरत. कुणी म्हणतं, तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं. मला रिचर्ड्सचं पटतं. तो स्वतः खालच्या रांगेतला माणूस, साहेब नव्हे. आणि देवळालीचं ऊन ग्वाल्हेरच्या उन्हापुढे काय! इथे मे महिन्यात लू सुटते तेव्हा कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. उन्हाने वेड लागत असतं तर आमच्या शहराचं नाव आधी कोशात गेलं असतं.

आता राहिला तो 'टॅप'. हा म्हणजे ताप. कोशकार तो फारसी-उर्दूतून काढतात, फारसीतही तापाला तब किंवा तपच म्हणतात. पण नाशिक जिल्ह्यातल्या बाजारात शिपायाच्या कानावर कुठला शब्द पडत असेल, हे मराठी माणसाला सांगायला नको. आणि गंमत पाहा, आपण रोज म्हणतो, 'डोक्याला ताप झालाय नुसता.' डूलाली टॅप म्हणजे देवळालीचा ताप, म्हणजेच डोक्याला ताप. त्या शिपायांनी नकळत चांगलं मराठी बोलून ठेवलंय.

या 'ताप'चं घराणं फार मोठं आहे. संस्कृतातला 'तप्' हा धातू, तापणे. त्यातूनच आपला पोळीचा तवा आला. तिकडे इराणात फारसीतला तप. आणखी पश्चिमेला लॅटिनमध्ये याच मुळापासून कोमट असण्याला एक क्रियापद होतं, त्यावरून इंग्रजीत 'टेपिड' हे विशेषण आलं, कोमट या अर्थाचं. म्हणजे इंग्रजांच्या घरात हा 'टेपिड' आधीपासून राहत होता, चांगले कपडे घालून, लॅटिन बोलत. आणि मग एक दिवस देवळालीहून शिपायाच्या पाठीवर बसून त्याचा गावरान चुलतभाऊ 'टॅप' आला. दोघांनी एकमेकांना ओळखलं नसणार.

दुसरा अर्धा भाग तर याहून मानाचा. देवळाली या नावाच्या तोंडाशीच देऊळ उभं आहे. देऊळ म्हणजे मुळात देवकुल, देवाचं घर. आपल्या प्राकृतात मधला 'क' झिजला आणि देवउल, देउल झालं. ज्या घरात प्राकृत गाथा कानावर पडतात त्या घरातल्या बायकांना हे क गळणं नवीन नाही. त्यातला 'देव' लॅटिनमधल्या 'देउस'चा सख्खा भाऊबंद, आणि तिथून इंग्रजीचं 'डिव्हाइन'. म्हणजे एका बाजूला दिव्य, दुसऱ्या बाजूला तपलेलं, अशा दोन थोर कुळांच्या सोयरिकीतून हे बाळ जन्मलं आणि त्याचा अर्थ झाला, डोक्याने अर्धवट! कुळ पाहून काही सांगता येत नाही, हे आपण लग्नं जमवताना पाहतोच.

आणि हो, त्याच 'तप्'मधून आपला तपही आला. पर्युषणात, दशलक्षणात सातव्या दिवशी उत्तम तप. सहा बाह्य तपं, सहा अभ्यंतर. माईंनी उमेदीच्या काळात दोनदा अठ्ठाई केली, आठ-आठ दिवस निराहार, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा स्वतःचं पाणी स्वतः गाळलं. एका धातूचे दोन लेक, तप आणि ताप. एक आपण होऊन घेतलेला, दुसरा अंगावर आलेला. देवळालीतले ते शिपाई दुसऱ्या प्रकारात मोडत होते, बिचारे. त्यांचं बसणं कुणी ठरवलं होतं, संपणार कधी ते कुणी दुसराच सांगणार होता.

हे सगळं मी जिथे बसून शोधत होते ती जागाही सांगायला हवी, कारण ती या गोष्टीत येते. आमचं घर शिंदे की छावनीत. ग्वाल्हेर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं, हे एक शहर आहे. खरं म्हणजे या न उठलेल्या छावण्या आहेत. १८१० च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ टाकला. त्याला लष्कर म्हणत. लष्कर उठलंच नाही. तंबूंच्या जागी घरं झाली, घरांचे वाडे झाले, आणि आज ते शहराचं मुख्य अंग आहे. पत्त्यावर अजूनही आम्ही 'लष्कर' लिहितो. स्टेशनकडे जाताना 'पडाव' लागतं, पडाव म्हणजे मुक्कामाची जागा. दुसऱ्या अंगाला 'कंपू'. महादजींनी फ्रेंच पद्धतीने कवायती पलटणी उभ्या केल्या, द बॉयन त्यांचा सरदार. या पलटणींना कंपू म्हणत. मुळात शब्द पोर्तुगीज, अर्थ छावणीच. पुण्याकडे आता कंपू म्हणजे टोळकं. महिला मंडळात एखादीचा कंपू असतो तो. आमच्याकडे कंपूला जायला टेम्पो मिळतो. आणि नदीपलीकडे मुरार, इंग्रजांची छावणी, जी त्यांनी १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत दिली. लष्कर, पडाव, कंपू, मुरार, छावनी. कुठेही जा, तुम्ही तळावरच.

छावणी हा शब्दही कामाचा आहे. छावणे म्हणजे शाकारणे, वर छप्पर घालणे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत. पावसाळा आला की नदीनाले भरत, तोफा चिखलात रुतत, घोड्यांना दाणावैरण मिळेना. मग एका जागी थांबून गवताने शाकारलेल्या झोपड्या करत आणि चार महिने काढत. ती छावणी. आपल्या साधूंचा चातुर्मासही त्याच कारणाने एका गावी असतो, तिथे प्रश्न जिवाणूंचा, इथे तोफांचा! छावणीत वाट पाहणं मूळचंच आहे. पाऊस सरेपर्यंत थांबायचं, मग निघायचं.

दौलतरावांच्या या फिरत्या तळाचं वर्णन ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीचा तो प्रमुख होता आणि १८०९ चं साल त्याने या तळाबरोबर काढलं. त्याने आपल्या भावाला लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये लंडनला छापली गेली. ती वाचताना कळतं, की हे नुसतं सैन्य नव्हतं. बाजार होता, वाणी होते, सराफ होते, बायका होत्या, पोरं होती. एक गावच चालत होतं. आमच्या घरात सांगतात, की आमचे मूळ पुरुष अशाच कुठल्यातरी तळामागे कापडाचे गठ्ठे बैलावर लादून आले. लढायला नव्हे, विकायला. जैन माणूस छावणीत काय करणार? हिशेब. आम्ही मराठी बोलणारे जैन. इथले मराठे आम्हाला मारवाडी समजतात आणि इथले जैन आम्हाला मराठे म्हणतात. दोन्हीकडून मान मिळतो, दोन्हीकडून हळदीकुंकवाला बोलावणं राहून जातं.

तर ते सगळे पुढच्या दसऱ्याला निघणार होते. दख्खनला परत. कुणाचं शेत होतं, कुणाची आई. दसरे आले, गेले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, जायला कारणही उरलं नाही. १८२७ मध्ये दौलतराव गेले. मग पोरांची लग्नं इथेच झाली. दोनशे वर्षं झाली, आम्ही अजून 'आमच्याकडे देशावर' असं म्हणतो. बोलणाऱ्याने देश पाहिलेला नसतो. हळूहळू अक्षरंही झिजली. माझा मुलगा 'ळ' म्हणू शकतो, पण आळस करतो. नातीला तो येतच नाही, ती केळं नाही, केला खाते. पाटीवर 'शिंदे की छावनी' लिहिलंय. शिंदे मराठी, की हिंदी, आणि छावणीचा ण गेला. त्या शिपायांना हसण्यात अर्थ नाही. त्यांच्याही तोंडून देवळालीचा ळ असाच गेला. त्यांनी शिंद्यांचं 'सिंदिया' केलं, ते तर आम्ही डोक्यावर घेतलं.

वाट पाहून पाहून आमच्या पूर्वजांपैकी कुणाचं डोकं फिरलं नसेल का? फिरलंच असेल. पण त्यासाठी कुणी शब्द केला नाही. त्यांच्या बायकांनी तुळशीला पाणी घातलं नाहीतर देवदर्शनाला गेल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

माईंच्याबद्दल मी हे सगळं वाचल्यावर निराळ्या रीतीने विचार करू लागले. त्यांचा जन्म १९३६ चा. १९४५-४६ मध्ये त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. दुसरं महायुद्ध संपलं होतं आणि सगळ्या पूर्वेकडून घरी जायला निघालेले गोरे शिपाई देवळालीत येऊन साठत होते. जहाजं कमी, माणसं अफाट. या वाट पाहण्याला सैन्य इतकं कंटाळलं होतं, की जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश विमानदलाच्या माणसांनी कामच बंद केलं आणि ते लोण हिंदुस्थानभरच्या तळांवर पसरलं. घरी पाठवा, एवढीच मागणी. पुढच्याच महिन्यात मुंबईत आपल्या नौसैनिकांचं बंड झालं. ते आपण शिकतो, हे शिकत नाही.

माईंना कालचं जेवण आठवत नाही, पण हे आठवतं. एक दिवस दाणे सोलता सोलता मी मुद्दाम विचारलं, "माई, तुमच्या कॅम्पात गोरे होते ना?"

"सोजीर? होते की. लाल तोंडाचे. काकांच्या दुकानात यायचे." वडिलांना त्या काका म्हणत. "साबण घ्यायचे, बिस्किटं घ्यायचे. एक जण रोज यायचा. काही घ्यायचा नाही. नुसता पायरीवर बसायचा."

"रोज?"

"रोज. काका म्हणायचे, बसू दे, त्याचं जहाज आलं नाही. मी पाणी द्यायची त्याला. गाळलेलं. तो बोटाने दाखवायचा, एवढ्या उंचीची त्याची मुलगी होती." माईंनी हात कॉटच्या काठाइतका धरला.

"मग?"

"मग नाही आला एक दिवस. गेला असेल." जरा थांबून म्हणाल्या, "काकांना म्हणायचा तो, ब्लायटी, ब्लायटी. मला वाटायचं मुलीचं नाव आहे."

मी कोशात पाहिलं होतं म्हणून मला कळलं. ब्लायटी म्हणजे मायदेश, विलायत. आपल्या 'विलायती'चंच ते रूप, शिपायांनी केलेलं. पायरीवर बसलेल्या त्या माणसाने आपल्या देशाचं नावसुद्धा आपल्याच बाजारातून उचललं होतं, आणि जाताना आपल्या गावाचं नाव घेऊन गेला. तो शब्द लेस्टरला पोचला, तिथे शाळेत मुलांच्या तोंडी रुळला, आणि ऐंशी वर्षांनी माईंच्याच पणतूने तो माईंना परत आणून दिला. इतकी फिरून आलेली उधारी मी पाहिली नव्हती.

रविवारी मी लेस्टरला फोन केला आणि मुलाला बोलावलं. नणंद घाबरली, म्हणाली, वहिनी, जाऊ दे ना, त्याला मी समजावलंय. मी म्हटलं, मला रागवायचं नाही, सांगायचंय. माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि त्याच्या मोडक्या मराठीत आम्ही अर्धा तास बोललो. जहाजं, घाट, दुकान, पायरीवरचा सोजीर. तो एकदम गप्प होऊन ऐकत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे पणजी खरंच डूलालीची आहे? तिथे राहायची?"

"जन्मलीच तिथे."

"आणि तो माणूस? त्याला जहाज मिळालं?"

"मिळालं असेल. नंतर तो आला नाही."

"पणजीला सांग ना, मी विचारलं म्हणून," तो म्हणाला. आणि मग, जरा वेळाने, "मी शाळेत सांगू?"

म्हटलं, सांग की. त्याच्या वर्गातल्या कुणाची पणजी देवळालीची असणार आहे?

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय, की माईंना समजावून सांगण्यात अर्थ नाही, वाद घालू नका. सुरुवातीला मी घालायची. माई, देवळालीत आता कुणी नाही, माई, तुम्ही इथे १९५५ पासून आहात, हेच तुमचं घर. त्यांचे डोळे भरून यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक परत निघायची. आता घालत नाही. काका म्हणायचे तसं, बसू दे, जहाज आलेलं नाही. आपल्या अभ्यंतर तपांत एक वैयावृत्त्य आहे, थकल्या-आजाऱ्यांची सेवा. शास्त्रात ते साधूंसाठी सांगितलंय हे मला माहीत आहे. ट्रंक रिकामी करताना मला ते आठवतं, आणि खरं सांगते, काही दिवशी ते तप नसतं, नुसता ताप असतो.

काल संध्याकाळी पुन्हा पातळांच्या घड्या झाल्या. या वेळी मी त्यांच्या शेजारी कॉटवर बसले आणि घड्या घालू लागले. आमच्या घरापासून रेल्वे फार लांब नाही, रात्री सगळं शांत झालं की गाडीची शिटी ऐकू येते. पंजाब मेल इथून जाते, ग्वाल्हेरहून निघून झाशी, भोपाळ, भुसावळ, मनमाड, नाशिक रोड, मग कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई. १९१२ पासून धावतेय. तेव्हा मुंबईला बोटीतून उतरलेले साहेबलोक आणि टपाल घेऊन ती थेट पेशावरकडे जायची. माई १९५५ मध्ये नवरी होऊन याच गाडीने आल्या.

"गाडी किती वाजता गं?" त्यांनी विचारलं.

"पंजाब मेल ना माई? लेट आहे म्हणतात."

"लेटच असते ती," माई म्हणाल्या, आणि माळ उशाशी ठेवून आडव्या झाल्या. "पाणी गाळून भरलंस ना बरोबर घ्यायला?"

"भरलंय."

"दोन तांबे भर. एखादा मागतो."